पंप उतरवण्याआधी

आमच्या जुन्या डिझेल जीपला सकाळी सेल्फ मारून मारून हात दुखायचा आणि घाटात गिअर बदलताना ती गपकन बंद पडायची. गॅरेजमध्ये बॅटरी बदलून झाली, हीटर प्लग बदलून झाले, मग निकाल आला: ‘पंप गेलाय.’ हा इंजेक्शन पंप उतरवणं म्हणजे कॅलिब्रेशन, नोझल असा खर्चाचा डोंगर. सुदैवाने त्याआधी एका जुन्या मिस्त्रींनी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली. इंजिन सुरू होताच डिझेलबरोबर बुडबुडे धावताना दिसले. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लिपखाली बारीक चीर होती. पाइपचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यावर भागलं.

ही चीर आधी कुणाला सापडली नाही, कारण तिथून डिझेलचा थेंबही गळत नव्हता. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं. तिथली चीर डिझेल सांडत नाही, हवा आत घेते. रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं, म्हणून सकाळचा त्रास. टाकी रिकामी होत आली किंवा गाडी चढावर तोंड करून लावली की तो वाढतो. अशा वेळी आधी डिझेलचा हातपंप कडक होईपर्यंत मारा. मग गाडी पटकन सुरू झाली, तर पाइपात हवा, म्हणजे एअरच समजा.

बाकीचं धूर सांगतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही: स्टॉप सोलेनॉइड, फिल्टर, एअर बघा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही: हीटर प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशन. सेल्फच मंद असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं आणि अर्थिंग. डिझेल दाबाच्या उष्णतेने पेटतं. इंजिन हळू फिरलं तर तेवढी उष्णता होतच नाही. चालत्या गाडीत बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली, तर झाकणाचं भोक बुजलंय.

दोन गोष्टी मात्र करू नका. हीटर प्लगच्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका; तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो. आणि गळणाऱ्या नोझल पाइपवर बोट ठेवू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वायसर डोळ्यांदेखत तपासून झाल्याशिवाय कुणालाही पंप उतरवू देऊ नका.