बंबापासून बाष्पकापर्यंत

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या माथ्यावरच म्हणा ना. तेथून पूर्वेला पाहिले की माझगाव गोदीतील क्रेन आणि बांधणी चाललेली जहाजे दिसतात. याच गोदीत बांधलेली 'निलगिरी' ही युद्धनौका ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात उतरली व १९७२ साली नौदलात दाखल झाली. तिच्या पोटात दोन बाष्पके होती आणि त्यांच्या वाफेवर ३०,००० अश्वशक्तीची टर्बाइने फिरत.

बाष्पक म्हणजे बॉयलर. पाणी उकळण्याचे भांडे, एवढेच पाहिले तर त्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते भांडे बंद असण्यात. ते बंद असूनही फुटत का नाही, आणि केव्हा फुटते, हे विद्यार्थी मित्रहो, आज आपण पाहू.

सुरुवात घरातून करू. आंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब तुमच्यापैकी काहींनी आजोळी पाहिला असेल. त्याच्या मधोमध उभी नळी असते. नळीच्या तळाशी जाळ, वर धूर, आणि नळीच्या भोवती पाणी. जाळाची उष्णता तांब्याच्या पत्र्यातून पाण्यात जाते. आता हा बंब आडवा करा, ९ मीटर लांब व सुमारे २.४ मीटर व्यासाचा करा, मधल्या एका नळीऐवजी दोन नळ्या शेजारी शेजारी बसवा, आणि दोन्ही टोके जाड पोलादी पत्र्यांनी बंद करा. हा झाला लँकेशायर बाष्पक. इंग्लंडमध्ये फेअरबेर्न व हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये याचे पेटंट घेतले. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांची उंच चिमणी ज्याच्या धुरासाठी बांधलेली असे, तो पुष्कळदा हाच बाष्पक. पहाटेचा गिरणीचा भोंगाही याच वाफेवर वाजे.

फरक एकच. बंबाचे झाकण सैल असते, त्यामुळे आत दाब साठत नाही. लँकेशायर बाष्पकात दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोग्रॅम दाब धरा. टोकाच्या पत्र्याचा व्यास २.४ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौ. सेंमी. (नळ्यांची भोके सोडून दिली तरी हिशोबाचा अंदाज येतो.) त्यावर बाहेर ढकलणारे बल होते सुमारे ३६० टन! म्हणूनच हे सपाट पत्रे आतून लोखंडी टेकूंनी शरीराशी बांधलेले असतात. सपाट पत्रा दाबाखाली फुगू पाहतो, गोल पत्रा मात्र केवळ ताणला जातो. बाष्पक गोल असतो याचे कारण हेच.

हा ताण किती, याचे सूत्र सोपे आहे. दाबाला व्यासाने गुणा आणि पत्र्याच्या जाडीच्या दुपटीने भागा. पत्र्याला दर चौ. सेंमी.ला ८०० किलोग्रॅम ताण सुरक्षित आहे असे समजू. मग ८ किलोग्रॅम दाबाला २४० सेंमी. व्यासाचा पत्रा १.२ सेंमी. जाड हवा. ठीक आहे. आता 'निलगिरी'कडे या. तिच्या बाष्पकांचा दाब दर चौ. सेंमी.ला ३८ किलोग्रॅमच्या वर होता. त्याच व्यासाला त्याच सूत्राने पावणेसहा सेंमी. जाड पत्रा लागेल! तो वळवायचा कसा, जोडायचा कसा, आणि जहाजात त्याचे ओझे वाहायचे कसे?

यावरची तोड मोठी सुंदर आहे. भांडे उलटे करायचे. जाळ नळीत आणि पाणी बाहेर, याऐवजी पाणी नळीत आणि जाळ बाहेर. चार सेंटिमीटर व्यासाच्या नळीला त्याच सूत्राने फक्त एक मिलिमीटर जाडी पुरते. (प्रत्यक्षात गंजण्याची व झिजण्याची सोय म्हणून अधिक ठेवतात.) अशा शेकडो नळ्या वरच्या एका आणि खालच्या दोन लहान ढोलांना जोडल्या की जलनलिका बाष्पक तयार होतो. पाण्याने भरलेल्या नळ्यांची भिंत आणि मध्ये भट्टी. जाळाजवळच्या नळ्यांतले पाणी वाफेच्या बुडबुड्यांनी हलके होऊन वर जाते, गार बाजूच्या नळ्यांतले जड पाणी खाली येते. पंपाशिवायच पाण्याचा फेरा चालू राहतो. वरच्या ढोलात जमलेली वाफ पुन्हा एकदा जाळाजवळच्या नळ्यांतून नेली की ती सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिला अतितप्त वाफ म्हणतात. ती कोरडी असल्यामुळे टर्बाइनच्या पात्यांवर पाण्याचे थेंब आपटत नाहीत.

पाण्याविषयी एक प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जहाजाभोवती समुद्रच आहे, मग तेच पाणी का वापरू नये? समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात. ताशी १० टन वाफ केली तर तासाला ३५० किलो क्षार आतच राहतील. त्यांचा थर नळीच्या आतल्या बाजूला बसतो, उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही, आणि नळीचे पोलाद स्वतःच तापत जाते. म्हणून जहाजावर ऊर्ध्वपातित पाणी वापरतात, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तेच पाणी पुन्हा बाष्पकात पाठवतात. समुद्राचे पाणी वाफ गार करते. तिच्यात मिसळत नाही. मिसळले की घात.

आता आगीकडे वळू. एक किलोग्रॅम कार्बन पूर्ण जळायला २.६७ किलोग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, म्हणजे सुमारे ११.६ किलोग्रॅम हवा, घनफळात जवळजवळ १० घनमीटर. एवढी हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होऊन सुमारे ८,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइडच झाला, तर फक्त २,४००! दोन तृतीयांशांहून जास्त उष्णता न जळताच चिमणीतून गेली, आणि वर तो वायू विषारी. काळा धूर म्हणजे न जळलेल्या कार्बनची काजळी. त्यात मालकाचे पैसे जातात आणि शेजाऱ्यांची फुप्फुसे. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला होता.

तर मग हवा भरपूर सोडावी का? तेही नाही. जास्तीची हवा भट्टीत तापते आणि आपली उष्णता घेऊन चिमणीबाहेर जाते. हाताने कोळसा टाकण्याच्या भट्टीत निम्म्याइतकी जादा हवा द्यावी लागे. तेलाच्या भट्टीत त्याहून पुष्कळ कमी पुरते, कारण तेलाचा बारीक फवारा हवेत चांगला मिसळतो. जाणता आगवाला कोळसा थोडा थोडा, वारंवार टाकी आणि भट्टीचे दार झटकन लावी. भरमसाट कोळसा टाकून विडी ओढत बसणारा आगवाला चिमणीकडे पाहून ओळखता येई.

तेलाच्या भट्टीत वेगळाच धोका असतो. ज्योत विझली आणि तेल चालू राहिले, तर भट्टीत तेलाची वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण साठते. अशा वेळी घाईने पुन्हा काडी लावणे म्हणजे भट्टीतच बार उडवणे. आधी तेल बंद, मग पंख्याने काही मिनिटे ताजी हवा, आणि मगच नवी ज्योत.

पण बाष्पकाचा खरा शत्रू कोण, असे विचारले तर मी दाबाचे नाव घेणार नाही. दाब वाढला तर सुरक्षा झडप आहे. तिची स्प्रिंग ठरलेल्या दाबाला हार मानते आणि वाफ बाहेर सोडते. कुकरच्या शिट्टीचेही तत्त्व तेच, फक्त तिथे स्प्रिंगच्या जागी वजन असते. खरा शत्रू म्हणजे कमी पाणी. भट्टीवरच्या पत्र्याला जाळ लागत असतो, तरी पलीकडे पाणी असल्यामुळे तो पाण्याहून फारसा तापत नाही. पाणी त्या पत्र्याच्या खाली गेले की पत्रा उघडा पडतो आणि थोड्याच वेळात लाल होतो. लाल पोलादाची ताकद उरतच नाही. दाब न वाढताही, नेहमीच्याच दाबाला तो आत ढासळतो. सुरक्षा झडप बिचारी काय करणार?

म्हणून बाष्पकावर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, बहुधा दोन. पाळीवर आलेला माणूस सर्वांत आधी ती काच तपासतो. नुसते पाहून भागत नाही. काचेचा खालचा मार्ग गाळाने बुजला असेल तर जुनेच पाणी काचेत उभे राहते आणि सर्व ठीक आहे असा भास होतो. म्हणून वाफेची व पाण्याची तोटी आळीपाळीने उघडून दोन्ही मार्गांनी जोराचा झोत येतो की नाही ते पाहतात. नंतर तोट्या पूर्ववत केल्यावर पाणी झटकन आपल्या जागी आले पाहिजे.

आणि काचेत पाणी दिसेनासेच झाले तर? मनात पहिला विचार येतो: पंप सुरू करा, पाणी सोडा. हाच विचार जीवघेणा आहे. लाल पत्र्यावर पाणी पडताच वाफेचा एकदम लोट उठेल आणि आकसणारा पत्रा चिरेल. सुरक्षा झडप हाताने उघडणेही वाईट, कारण दाब एकदम उतरला की उरलेले पाणी उसळून त्या पत्र्यावर येते. आधी आग मारायची. तेल असेल तर बंद करायचे. कोळसा असेल तर त्यावर राख पसरून हवेचा मार्ग लावायचा. मग दूर राहायचे आणि बाष्पक आपोआप गार होऊ द्यायचा. लँकेशायर बाष्पकात भट्टीच्या माथ्यावर कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची एक खुंटी बसवलेली असे. पाणी खाली गेले की ती वितळे आणि वाफ आगीवर येऊन ती मंदावे. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी प्लग हा तिचाच धाकटा भाऊ.

बाष्पक फुटला तर एवढा संहार का होतो, त्याचा हिशोब करून पाहा. ८ किलोग्रॅम दाबाला पाणी १७५ अंशांना उकळते. शरीर फाटून दाब उतरला की त्या पाण्याला १०० अंशांवर यावेच लागते. किलोमागे ७५ किलोकॅलरी जादा झाल्या. एक किलो पाण्याची वाफ व्हायला ५३९ लागतात, म्हणजे सुमारे १४ टक्के पाणी क्षणात वाफ होते. बाष्पकात २० टन पाणी असेल तर २.८ टन वाफ, आणि तिचे घनफळ ४,६०० घनमीटरांहून जास्त. तुमच्या वर्गासारखे पंचवीस-सत्तावीस वर्ग भरतील एवढी वाफ, एका क्षणात! अमेरिकेत मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाच्या आगबोटीचे बाष्पक २७ एप्रिल १८६५ रोजी फुटले आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. आपल्याकडे १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या स्फोटानंतर बंगालने १८६४ साली बाष्पकांच्या तपासणीचा कायदा केला. सर्व देशासाठी एक कायदा १९२३ साली झाला. २०२५ च्या नव्या कायद्याने आता त्याची जागा घेतली आहे. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

वाफेशी माझगावचे नाते गोदीतल्या युद्धनौकांहूनही जुने आहे. मुंबई गोदीतले अर्देशर कर्सेटजी वाडिया यांनी १८३३ साली 'इंडस' नावाच्या लहान जहाजावर वाफेचे एंजिन चालवले आणि १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवला. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. माझगाव गोदीत बांधलेली वाफेवर चालणारी शेवटची युद्धनौका 'गोमती' १९८८ साली नौदलात आली आणि २८ मे २०२२ रोजी निवृत्त झाली. जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेल्या नव्या 'निलगिरी'त बाष्पक नाही. तिथे वायू टर्बाइन आणि डिझेल एंजिने आहेत. कारखान्यांत, साखरेच्या गाळपात आणि औष्णिक वीजकेंद्रांत मात्र बाष्पके आजही रात्रंदिवस चालू आहेत.

नव्या बाष्पकाची ताकद तपासताना त्यात पाणी काठोकाठ भरतात आणि पंपाने दाब नेहमीच्या दीडपट चढवतात. हवा किंवा वाफ वापरत नाहीत. पाणी दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. पत्रा चिरला तरी एक चिळकांडी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो.

जाता जाता एक उदाहरण. घरचा कुकर रिकामा आणि पूर्ण गार असताना शिट्टी काढा व मोठ्यांच्या मदतीने तिचे वजन करा. ती ज्या नळीवर बसते तिच्या भोकाचा व्यास मोजा. समजा वजन ७० ग्रॅम आणि व्यास ३ मिलिमीटर आला. भोकाचे क्षेत्रफळ ०.०७ चौ. सेंमी., म्हणून शिट्टी उचलली जाण्याचा दाब दर चौ. सेंमी.ला सुमारे १ किलोग्रॅम. या दाबाला पाणी १२० अंशांना उकळते. तुमच्या कुकरचे आकडे घालून उत्तर काढा, आणि शिट्टीवर दुसरे वजन ठेवले तर काय होईल तेही कागदावरच काढा.