जुनी गाडी घेताय? आधी कागद, मग बॉनेट!

मित्रांनो, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरच्यांच्या नजरेत आपण लगेच 'साहेब' होतो. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फाईल घासून हाताला फोड आलेले असतात, इंजिन अजून चित्रातच पाहिलेलं असतं, आणि तेवढ्यात गावाकडून फोन येतो, "बाबू, एक गाडी पाहून ठेवली हाये. रविवारी ये अन् इंजिन पाहून सांग!" ब्रँच कॉम्प्युटर असो की सिव्हिल, घरच्यांना काय त्याचं!

ही वेळ आपल्यापैकी बऱ्याच जणांवर येणार आहे. आपल्या स्टाफमधल्या मंडळींवरही येते. म्हणून हा छोटासा धडा. उदाहरणाला अमडापूर घेऊ. चिखली-खामगाव रस्त्यावरचं हे गाव. दिवसा एसटी आहे, काळीपिवळी आहे. पण रात्री-बेरात्री कोणी आजारी पडलं, तर चिखली किंवा खामगाव गाठायला दारात गाडी असलेली बरी. नवी गाडी परवडत नाही. सोयाबीन विकून आलेले आणि भिशीचे मिळून दीड लाख रुपये जमलेत. आता या दीड लाखात भरवशाची गाडी कशी घ्यायची?

पहिला धडा : दीड लाखात दीड लाखाची गाडी घ्यायची नाही

सगळे पैसे गाडीच्या किमतीतच संपले, की दुसऱ्या दिवसापासून उधारी सुरू. जुनी गाडी घरी आली की ऑइल, फिल्टर, कूलंट बदलावंच लागतं. बॅटरी, टायर, ब्रेक लायनर यांपैकी काहीतरी निघतंच. शिवाय गाडी नावावर करायचा खर्च आणि विमा वेगळा. म्हणून गाडीला जास्तीत जास्त सव्वा लाख, आणि २५ हजार बाजूला. म्हणजे बजेटचा सहावा हिस्सा राखीव. सौदा करताना हे पैसे खिशात नाहीतच असं समजायचं.

डिझेल की पेट्रोल, हाही प्रश्न येतो. महिन्याला ५०० किलोमीटर चालणारी छोटी पेट्रोल गाडी १६ चं ॲव्हरेज देत असेल, तर ३१ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. १०० रुपये लिटर धरलं तरी ३,१०० रुपये. एवढ्या कमी वापराला डिझेल घेऊन वाचणार किती? आणि जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला, तर वाचलेलं सगळं एका बिलात जातं. पार्ट कुठे मिळतात तेही बघा. ज्या गाडीचे पार्ट खामगाव-चिखलीत मिळतात आणि जी आपल्या मिस्त्रीला उघडता येते, ती गाडी आपली. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी खेड्यापाड्यात ती अजून धावते, त्याचं एक कारण हेच.

दुसरा धडा : कागद

आपण सगळे चुकतो ते इथे. आधी बॉनेट उघडतो, गाडीच्या प्रेमात पडतो, आणि मग कागद मागतो. क्रम उलटा पाहिजे. बिघडलेलं इंजिन मिस्त्री दुरुस्त करतो. बिघडलेले कागद कोण दुरुस्त करणार?

आर.सी. बुक हातात घ्या. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर जुळवून बघा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पी.यू.सी. तपासा. ई-चलनाचा दंड बाकी आहे का तेही बघा. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग वय. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ चं पासिंग असेल तर २०२७ मध्ये मुदत संपणार. त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. कारसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरच्या कारसाठी तर २०२५ मध्ये ती १०,००० केली गेली. वर पर्यावरण कर असतोच. 'स्वस्तात मिळाली' म्हणताना हा हिशेबही धरा.

आपला नंबर एम.एच. २८. शेजारचा अकोला ३०, जालना २१. पण दिल्ली पासिंगची चकाचक गाडी फार स्वस्तात मिळत असेल तर सावध! दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांविरुद्ध २०१५ आणि २०१८ मध्ये आदेश निघाले, तेव्हापासून तिकडच्या जुन्या गाड्या दुसऱ्या राज्यांत विकायला येतात. अशा गाडीला तिथली एन.ओ.सी., इथली नोंदणी आणि इथला कर लागतो. तो खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवा.

तिसरा धडा : आता उघडा बॉनेट

मालकाला आधीच सांगून ठेवा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर समजायचं, थंड इंजिन सुरू होताना कुरकुरत असावं. मग थांबा, चहा घ्या, इंजिन थंड होऊ द्या.

थंड असतानाच रेडिएटरची टोपी उघडून कूलंट बघा. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस दिसला, तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. सुरू केल्यावर धुराचा रंग बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. आय.सी. इंजिनचा पेपर लिहिताना जे पाठ केलं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. मारुती ८०० किंवा जुनी ८०० सीसी अल्टो असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बेल्ट तुटला की गाडी जागेवर उभी!

गाडी किमान अर्धा तास चालवा, आणि फक्त डांबरी सपाटीवर नको. राजूर घाटासारखा चढ मिळाला तर उत्तम. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, याचा अर्थ क्लच प्लेट संपली. आपल्याकडच्या मे महिन्यात ए.सी. लावून दहा मिनिटं उभी केली आणि टेम्परेचरचा काटा वर चढला नाही, तर कूलिंग बरं आहे.

रंगावर भाळू नका. वरून कीर्तन, आतून तमाशा! काचांच्या कोपऱ्यात बनावटीच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मीटर सांगतं ४० हजार किलोमीटर, पण पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, स्टेअरिंग घासलेलं. मग मीटर खोटं बोलतंय. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा. कुठे चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण टीव्हीवर पाहिलंय.

आणि एक. आपण कितीही हुशार असलो तरी पाचशे रुपये देऊन एक अनुभवी मिस्त्री सोबत न्याच.

चौथा धडा : गाडी नावावर करा

आपल्याकडे व्यवहार कसा होतो? स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात, टी.टी. फॉर्मवर सह्या, आणि गाडी दारात. "नावावर करू ना भाऊ, पळून चाललो काय?" असं म्हणत दोन वर्षं जातात. तेवढ्यात गाडी तिसऱ्याला विकलेली असते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत (फॉर्म २९) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत (फॉर्म ३०) आर.टी.ओ.ला कळवायचं. मूळ मालक वारला असेल, तर आधी गाडी वारसाच्या नावावर (फॉर्म ३१) आणि मग विक्री. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली, नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर आली, जरी गाडी त्याच्याकडे कधीचीच नव्हती! म्हणजे आपली जुनी गाडी विकतानाही हा धडा तेवढाच लागू आहे.

घेणाऱ्याचंही नुकसान आहेच. थर्ड पार्टी विमा कायद्याने गाडीबरोबर येतो. पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर केली नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच राहतो.

म्हणून इसार थोडाच द्या. मोठी रक्कम बँकेतून द्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या करा. आणि शेवटचे काही हजार आर.सी.वर आपलं नाव चढल्यावरच द्यायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "गाडी एकदम मस्त हाये, डोळे झाकून घ्या," तर हसून म्हणा, "काका, घेतो ना. पण आधी आर.सी. दाखवा!"