भगत बदलला, गंडा तोच



आपल्या आई-वडिलांच्या काळी भगत लांबूनही ओळखू येई. अंगारा, लिंबू, बिबा, कोंबडे आणि अमावास्येची रात्र, एवढा त्याचा पसारा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथे सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. बाधा झाली म्हणून दूरदूरची माणसे तेथे आणली जातात. त्यांत मनाचे आजारीही असतात. पण हे सारे उघड्यावर चालते, डोळ्यांना दिसते.

नवा भगत दिसत नाही. तो मोबाईलमध्ये बसला आहे. 'भूत' म्हटले तर शिकलेली पोरे हसतील हे त्याला कळते, म्हणून तो 'नकारात्मक ऊर्जा' म्हणतो, 'वास्तुदोष' म्हणतो. कोंबड्याऐवजी फोटो मागवितो, दक्षिणा फोनवरूनच घेतो. करणी जवळच्याच बाईने केली, हे सांगून घर फोडण्याची जुनी विद्या मात्र त्याने सोडलेली नाही. गावच्या भगताला चार माणसे जाब तरी विचारीत. याला कोठे शोधावे?

आपण म्हणाल, आम्ही 22 प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारा काढला, आम्हांला याचे काय? मग परित्राणपाठाचे सूत मनगटाला बांधून "आता नोकरी लागेल" असे आपल्याच घरांत कसे म्हटले जाते? तो गंडाच झाला, फक्त रंग पांढरा!

दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. नालंदेच्या केवट्ट नावाच्या गृहस्थाने तथागतांना विनविले की, भिक्खूंकडून चमत्कार करवावेत, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागतांनी मानले नाही. अश्रद्ध मनुष्य म्हणेल, ही तर गांधारी विद्या. मग लोकांना काय मिळाले? असल्या चमत्कारांची आपल्याला लाज वाटते, असे त्यांनी सांगितले आणि उपदेशाचा चमत्कार तेवढा श्रेष्ठ मानला.

आता कायद्याचेही पाठबळ आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत काढण्यासाठी मारझोड करणे, मिरचीची धुरी देणे, साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र घालणे हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. आणि पावसाळ्यात शेतात कोणाला साप चावलाच, तर भावकी काहीही म्हणो, माणसाला गाडीत घालून थेट सरकारी दवाखाना गाठावा. विषावरचे इंजेक्शन तेथे मिळते.