वेतनगटाची मांडणी : पगारपत्रकाचा पाया

महिनाअखेर जवळ आली की प्रत्येक आस्थापनेच्या लेखाविभागात लगबग सुरू होते. पूर्वी हजेरीबुकावरून हाताने लिहिले जाणारे पगारपत्रक आता संगणकावर काही मिनिटांत तयार होते. तथापि संगणक सांगितलेले नियमच पाळतो, आणि पगाराचे नियम त्याला जेथे सांगितले जातात ते स्थान म्हणजे वेतनगट, अर्थात ‘पे ग्रुप’. आपले अनेक उद्योजक ग्राहक कर्मचाऱ्यांचे पगार बँकेमार्फत जमा करतात. त्यांना, तसेच हे व्यवहार हाताळणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना उपयुक्त ठरावी, म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

वेतनगट म्हणजे काय?

ज्या कर्मचाऱ्यांच्या पगाराला एकच नियमसंच लागू होतो, त्यांचा समूह म्हणजे वेतनगट होय. या संचात मुख्यतः चार बाबी येतात : वेतनाचा कालावधी व वाटपाचा दिवस, मूळ वेतन व भत्ते यांची शीर्षे, हजेरीवरून आकारणी करण्याची रीत आणि कायदेशीर वजावटी. टॅलीसारख्या प्रणालीत गटाला ठरवून दिलेली पगाररचना त्यातील कर्मचाऱ्याच्या नोंदीत जशीच्या तशी घेता येते. यामुळे श्रम वाचतात हे खरे. परंतु गटात झालेली एक चूक त्यातील प्रत्येकाच्या पगारात उतरते, हेही तितकेच खरे.

गट कशावरून पाडावेत?

उत्पादन, विक्री, हिशेब असे खात्यांनुसार गट पाडण्याकडे बहुधा कल असतो. अहवालासाठी ही विभागणी सोयीची असली, तरी पगारासाठी ती पुरेशी नाही. येथे प्रश्न एकच विचारावा : या दोघांच्या पगाराचा नियम कोठे वेगळा होतो?

समजा, एका उद्योगाचा कारखाना चाकणला आणि गोदाम गुरुग्रामला आहे. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदानुसार व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक आकारता येत नाही. मात्र तो आकारावा की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवते. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याकडून महिन्याला २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. हरियाणात हा करच नाही. म्हणजे दोन्ही ठिकाणचे लिपिक एकाच खात्यातले असले, तरी त्यांचे वेतनगट निराळे हवेत.

याउलट, प्रत्येक फरकासाठी नवा गट काढणेही योग्य नव्हे. महाराष्ट्रात २०२३ सालच्या दुरुस्तीनंतर दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. त्यासाठी स्वतंत्र गट नको. कर्मचाऱ्याच्या नोंदीतील ‘स्त्री / पुरुष’ हा रकाना अचूक भरला की प्रणाली कर वगळू शकते. खाते क्रमांक, आयएफएससी, प्राप्तिकराच्या जुन्या वा नव्या पद्धतीची निवड या बाबीही वैयक्तिक नोंदीतच असाव्यात.

दिवस आणि दर

पगार दिवसांवर कसा विभागायचा, हेही गटातच ठरते. १५,६०० रुपये मासिक वेतन असलेला कामगार दोन दिवस बिनपगारी रजेवर राहिला असे मानू. महिना २६ दिवसांचा धरल्यास रोजचा दर ६०० रुपये व कपात १,२०० रुपये होते. ३० दिवसांचा धरल्यास दर ५२० रुपये व कपात १,०४० रुपये. एका रकान्याने १६० रुपयांचा फरक पडतो. म्हणून ही रीत नेमणूकपत्राशी ताडून पाहावी.

वाटपाच्या तारखेबाबत कायदा स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, तर साप्ताहिक वेतन आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावे लागते. नोकरी सोडणाऱ्याचे देणे दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असल्याने, त्याला मासिक वाटपापर्यंत थांबवता येत नाही. त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करण्याची सोय प्रणालीत आधीच करून ठेवावी.

गट बदलताना

सर्वाधिक घोटाळे होतात ते बढतीच्या वेळी. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. समजा, २०,५०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराचे वेतन जुलैपासून २२,००० रुपये झाले आणि त्याला विमा लागू नसलेल्या गटात टाकले. त्याची वर्गणी लगेच थांबेल. पण नियमानुसार एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीकाल संपेपर्यंत ती चालू राहावयास हवी. २०१९ सालच्या दरांनुसार कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे १६५ रुपये आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ७१५ रुपये दरमहा भरले गेले पाहिजेत. त्या कुटुंबाचे औषधपाणी याच वर्गणीवर अवलंबून असते. म्हणून विम्याच्या वजावटीतील बदल १ ऑक्टोबरपासून लागू होईल, अशी व्यवस्था करावी.

यातून मिळणारा धडा असा : जुनी नोंद पुसून नवी लिहू नये. प्रत्येक बदलाला ‘अमलात येण्याची तारीख’ द्यावी, म्हणजे मागील महिन्यांचा हिशेब अबाधित राहतो.

अखेरची तपासणी

पगार अंतिम करण्यापूर्वी प्रायोगिक पत्रक काढून ते गेल्या महिन्याशी ताडावे. ज्याच्या निव्वळ वेतनात फरक दिसेल, त्याचे कारण लेखी नोंदवावे. गटातील बदल एकाने करावा व दुसऱ्याने मंजूर करावा. पूर्ण झालेला महिना कुलूपबंद करावा. बँकेकडे पाठवावयाच्या यादीतील नावे, खाते क्रमांक आणि एकूण रक्कम पगारपत्रकाशी जुळवून पाहावी. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नाच’ ही सामुदायिक भरणा प्रणाली सुट्टीच्या दिवशीही चालू असते. तेव्हा यादी वेळेवर व निर्दोष असेल, तर वाटप अडण्याचे कारण उरत नाही.

कर्मचाऱ्याच्या घरभाड्याची, मुलांच्या फीची व कर्जाच्या हप्त्याची तारीख पगारावर ठरलेली असते. वेतनगटाची मांडणी करताना दिलेला एक निवांत तास त्या सर्व तारखा सांभाळतो.