अ‍ॅम्प घेताना गंधार वाजवून पाहा

प्रश्न : तीन वर्षं गिटार वाजवतोय. आता जरा बरा अ‍ॅम्प घ्यावा म्हणून दुकानात गेलो. एकाचा क्लीन आवाज असा की नुसती तार छेडून बसून राहावं. पण त्यावर गेन वाढवला तर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं झालं. दुसरा हाय-गेनवाला. त्यावर दोन तारांची पॉवर कॉर्ड दणदणीत वाजते, पण साधी ई मेजर धरली की सगळा चिखल. असं का होतं? आणि घ्यावा कुठला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चिखल अ‍ॅम्पने केला हे खरं, पण पाणी मुरत होतं ते गिटारच्या गंधारात.

क्लीन चालणारा अ‍ॅम्प म्हणजे प्रामाणिक हमाल. पिकअपकडून आलेला दुबळा संकेत उचलायचा, मोठा करायचा, आत काय आहे ते उघडून बघायचं नाही. गेन वाढवत नेला की व्हॉल्व्हला एका हद्दीपुढे उचलणं जमत नाही आणि लहरीचा शेंडा छाटला जातो. शेंडा छाटला की मुळात नसलेले स्वर तयार होतात. एकच तार वाजत असेल तर हे नवे स्वर तिच्याच कंपनांच्या दुपटी-तिपटीचे, म्हणजे घरचेच असतात. त्याने आवाज भरदार होतो. दोन सूर एकदम वाजले की मात्र अ‍ॅम्प त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून तेही स्वर ऐकवू लागतो.

आता तुमची पॉवर कॉर्ड घ्या. सर्वांत जाड तार, ई, सेकंदाला ८२.४ कंपनं. तिचा पंचम, बी, १२३.५. वजाबाकी ४१.१. हा जवळजवळ नेमका त्याच ई-चा खालच्या सप्तकातला सूर! गिटारवर तो नाहीच. तो अ‍ॅम्पने पदरचा घातला. षड्ज-पंचम दणदणतात ते यामुळे.

ई मेजरमध्ये यात गंधार येतो, जी शार्प. शुद्ध, म्हणजे तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार धरला तर मधल्या सप्तकात तो २०६ कंपनांवर हवा. गिटारच्या पट्ट्या बारा सारख्या भागांत बसवलेल्या, त्यामुळे तुमचा गंधार २०७.७ वर वाजतो. पेटीबद्दल गवयांची जुनी तक्रार आहे ना, गंधार चढा लागतो म्हणून? तीच ही. मग वजाबाक्या बघा : त्याच मधल्या सप्तकातल्या ई-पासून गंधारापर्यंत ४२.८, गंधारापासून वरच्या बी-पर्यंत ३९.३, आणि आधीचे ४१.१ आहेतच. अगदी तळाशी, एकमेकांना चिकटून तीन सूर, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. तुम्हाला ऐकू आला तो चिखल हाच. चढा गंधार क्लीन अ‍ॅम्पवरही असतो, पण तिथे कुणी वजाबाकी करत बसत नाही.

म्हणून अ‍ॅम्प निवडताना आधी स्वतःच्या डाव्या हाताकडे बघावं. सहा तारांच्या कॉर्ड धरायची सवय असेल तर हाय-गेनचा उपयोग फार थोडा.

दोन्ही एकाच डब्यात का मिळत नाही, हे जुन्या अ‍ॅम्पवरून चांगलं कळतं. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब १९६३ चा : ८५ वॅट, बारा इंची दोन स्पीकर. ही ताकद ऐकणाऱ्यांचे कान फोडायला नाही, तर आवाज मोठा करूनही शेंडा छाटला जाऊ नये म्हणून. उचलायचा मात्र दोघांनी. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ चा ट्रान्झिस्टरवाला. त्यावर डिस्टॉर्शनचं बटण आहे, पण ते शून्यावरून हलवणारा मला अजून भेटायचाय. आणि गंमत अशी, की मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डने शांत भागांसाठी वर्षानुवर्षं वापरला तो हाच. दुसऱ्या टोकाला एडी व्हॅन हॅलनसाठी पीव्हीने १९९२ मध्ये काढलेला ५१५० : १२० वॅट, एकामागून एक गेन वाढवत नेणारी रचना, आणि दोन्ही चॅनेलना मिळून बेस-मिडल-ट्रेबलची एकच बटणं. मेटलसाठी ती लावली की क्लीन आवाज त्याच मापाच्या कपड्यांत वावरणार. पीव्हीनेही पुढच्या आवृत्तीत ती वेगळी केली.

हाय-गेनमध्ये हळू छेडलेलं आणि जोरात छेडलेलं जवळपास सारखंच ऐकू येतं. त्यामुळे सूर लांबतो, चुका झाकल्या जातात, आणि दुकानात आपण स्वतःच्याच हातावर खूश होऊन पाकीट काढतो. मीही काढलं होतं. घरी गेन आठवर, मिडल शून्यावर. गॅदरिंगला त्याच खुणांवर बटणं लावून वाजवलं. नंतर पुढच्या रांगेतली मावशी म्हणाली, ‘‘अरे, आज तू नुसताच उभा होतास का?’’ हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण तेच वाढवतो. बँडमध्ये मात्र खाली बेस गिटार आणि ड्रम बसलेले असतात, वर झांजा. गिटारची जागा मध्ये, आणि ती मी स्वतःच्या हाताने रिकामी केली होती.

तुमच्याबाबत माझं मत स्पष्ट आहे : पहिला घ्या, आणि सोबत एक पेडल. क्लीन अ‍ॅम्पला गेन बाहेरून देता येतो. मोहोळ उठलं कारण अशा अ‍ॅम्पचा मिडल बहुधा दबलेला आणि ट्रेबल चढा असतो. इबानीझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमरसारखं मिडल पुढे आणणारं पेडल लावा, ट्रेबल उतरवा, बरीच शांतता होईल. दिवसभर फक्त मेटलच वाजवणार असाल, तर मात्र पेडलवर भागवू नका, दुसराच आणा.

दुकानात परत जाताना गिटार स्वतःची न्या. क्लीनवर ई मेजर आधी अलगद, मग जोरात छेडा. फरक ऐकू यायला हवा. हाय-गेनवर तळहाताने तारा दाबून चार ठोके द्या आणि झटकन थांबा. थांबल्यावर जे ऐकू येतं, ती घरघर, ती शिट्टी, तेही विकत घेताय तुम्ही. सिंगल कॉइल पिकअप असेल तर जरा जास्तच. सेल्समन मधेच बोलायला लागला तर त्याला एक मिनिट थांबवा.