आईवेगळ्या कोकराचे संगोपन : आधी ऊब, मग दूध



अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या तालुक्यांत दख्खनी मेंढी हा अनेक कुटुंबांचा आधार आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीस फळलेल्या मेंढ्या पाच महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास वितात. नेमका हाच काळ रात्रीच्या थंडीचा आणि कळप चराईसाठी बाहेर पडण्याचा असतो. मेंढी विताना दगावली, तिची कास सुजली किंवा जुळ्यांपैकी एकाला तिने जवळ घेतले नाही, तर ते कोकरू पोरके होते. घोड्यावर घालून ते पुढच्या मुक्कामी नेता येईल, पण वाटेत त्याला दर दोन-तीन तासांनी दूध कोण पाजणार? मग ते घरी तरी राहते, नाही तर ज्याच्या रानात मेंढ्या बसवल्या त्याच्या दारात तरी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील गारोल मेंढीचा जुळे देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. अशा मेंढ्या पाळणाऱ्यांना कोकरे जास्त मिळतात, पण अंगाने लहान व अशक्त कोकरू सांभाळण्याची वेळही त्यांच्यावर अधिक येते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत दगावणाऱ्या कोकरांत थंडी आणि उपासमार ही दोन मोठी कारणे असतात. दोन्हींवर घरात उपाय आहे, मात्र तो योग्य क्रमाने करावा लागतो. अशक्त कोकरू दिसले की घरातील माणूस आधी दुधाची वाटी घेऊन धावतो आणि पुष्कळ वेळा कोकरू तेथेच हातचे जाते. गार पडलेल्या कोकराला नीट गिळता येत नाही, त्यामुळे दूध फुफ्फुसात उतरते. जे पोटात जाते तेही पचत नाही.

कोकरू किती गारठले आहे?

आपले स्वच्छ बोट कोकराच्या तोंडात घालावे. तोंड उबदार असेल आणि ते बोट जोराने चोखत असेल तर त्याला फक्त भूक लागली आहे, असे समजावे. तोंड गार लागले, जीभ हलत नसेल, तर दूध दूर ठेवून आधी शेक द्यावा. घरात ताप पाहण्याची काचेची नळी किंवा डिजिटल तापमापक असेल तर गुदद्वारात हलकेच घालून तापमान पाहावे. ही नळी पुन्हा माणसासाठी वापरू नये. निरोगी कोकराचे तापमान १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. येथे एक फसगत होते. तापमापकावर ९८ अंश दिसले की आपल्याला ते ठीक वाटते, कारण माणसाला ते ठीकच असते. कोकराला मात्र ९८ अंश म्हणजे जिवावरचा धोका होय.

ओले कोकरू आधी कोरडे करावे. गोणपाटाने किंवा जुन्या सुती कपड्याने पाठ, पोट व पाय जोराने चोळावेत, म्हणजे रक्त खेळते. नंतर पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यात वाळलेले गवत घालून त्यात ठेवावे आणि अंगावर घोंगडीचा तुकडा टाकावा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंस ठेवाव्यात. उघडी बाटली थेट अंगाला लावल्यास कातडी भाजते, आणि अशक्त कोकरू सरकून दूर होऊ शकत नाही. पूर्वी खोक्यावर १०० वॅटचा दिवा टांगत असत. अजूनही तो चालतो, पण तो तारेचा, पिवळ्या उजेडाचा दिवा असला पाहिजे. हल्लीच्या एलईडी दिव्याखाली उजेड पडतो, ऊब पडत नाही. तारेचा दिवा कोकरापासून दीड-दोन हात उंच, पक्का बांधलेला असावा. खाली पाचट अंथरले असेल तर विशेष काळजी घ्यावी, एका ठिणगीने गोठा पेटतो. शेकोटीजवळ ठेवणे त्यातल्या त्यात वाईट, कारण धुराने कोवळी छाती भरते. ऊब यावी म्हणून दारू पाजू नये. दारूने अंगातील उष्णता उलट बाहेर जाते.

दर अर्ध्या तासाने तापमान पाहावे. ते १०० अंशांच्या वर गेले, कोकराने मान उचलून धरली आणि बोट चोखले, म्हणजे दुधाची वेळ झाली.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. जन्मताना कोकराच्या अंगात थोडी चरबी साठवलेली असते व तिच्यावर ते सुरुवातीचे तास काढते. पाच तासांहून अधिक काळ उपाशी राहिलेले आणि ९८ अंशांच्या खाली गेलेले कोकरू नुसते शेकले तर रक्तातील साखर संपून झटके येतात व ते मरते. त्याला शेकण्यापूर्वी ग्लुकोजचे इंजेक्शन लागते. ते पोटात द्यावयाचे असल्याने पशुवैद्यकानेच द्यावे. म्हणून कोकराचा जन्म केव्हा झाला आणि ते शेवटचे केव्हा प्यायले, हे दवाखान्यात फोन करतानाच सांगावे.

चीक कोठून आणावा?

आईच्या पोटात असताना कोकराला रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासातासाने घटत जाऊन सुमारे २४ तासांनी जवळजवळ संपते. त्यामुळे ‘उद्या सकाळी बघू’ हे येथे चालत नाही. मेंढी मेली असली तरी लगेच पाहिल्यास तिच्या कासेत चीक मिळू शकतो. तो काढून घ्यावा. मात्र कास सुजलेली असेल तर तो वापरू नये. त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक उत्तम, शेळीचाही चांगला. गाईचा चीक त्यामानाने पातळ असतो, म्हणून तो सुमारे तिसरा हिस्सा जास्त द्यावा.

प्रमाण असे : वजनाच्या प्रत्येक किलोस एका वेळी ५० मिली, आणि पहिल्या २४ तासांत मिळून २०० मिली. दोन किलोच्या कोकराला एका वेळी १०० मिली व दिवसभरात ४०० मिली होतात. फार अशक्त असेल तर तेवढाच चीक सहा-सात वेळांत विभागून द्यावा.

चीक कधीही चुलीवर किंवा गॅसवर तापवू नये. खरवस कसा होतो हे घरातील स्त्रियांना सांगावयास नको. चीक तापला की घट्ट होतो. जे घट्ट होते त्यातच रोगाशी लढणारी प्रथिने असतात, आणि तापवल्याने ती निकामी होतात. चिकाचे भांडे हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात ठेवून कोमट करावे. कळप मोठा असल्यास भरपूर दूध असलेल्या मेंढीचा जादा चीक १०० मिलीच्या लहान बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवावा. हंगामात तो औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावण्यास विसरू नये. नाळ त्यात पूर्ण बुडवावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी. आठवड्याने गुडघे सुजून लंगडणारी कोकरे आपण पाहतो, तो रोग बहुधा नाळेतूनच शिरलेला असतो.

रोजचे दूध

आधी दुसरी मेंढी किंवा शेळी लावून पाहावी. बऱ्याच कळपांत दोन-चार शेळ्या असतातच. शेळी धरून कोकराला दिवसातून चार-पाच वेळा पाजता आले तर बाटलीची यातायात वाचते. कोकरू मेलेली मेंढी मिळाली तर मेलेल्या कोकराचे कातडे या कोकराच्या अंगावर एक-दोन दिवस बांधण्याची जुनी रीत अजूनही गुण देते, कारण मेंढी आपले कोकरू वासावरून ओळखते. मात्र ते कोकरू रोगाने मेलेले नसावे.

हे जमले नाही तर बाटली. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच दाट असते, म्हणून गाईच्या किंवा शेळीच्या दुधात पाणी घालू नये. म्हशीचे दूध स्निग्धांशात मेंढीच्या दुधाच्या जवळ जाते, पण अशक्त कोकराला पहिला आठवडा शेळीचे किंवा गाईचे देऊन मग हळूहळू म्हशीच्या दुधावर आणावे. दुधात गूळ किंवा साखर घालू नये. कोकराच्या आतड्यात ही साखर पचवणारा घटक नसतो, त्यामुळे ती तशीच पुढे जाऊन हगवण लावते. आपल्या मुलांना मानवते ते कोकराला मानवेलच असे नाही.

पहिल्या आठवड्यात दिवसाचे दूध वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, म्हणजे दोन किलोच्या कोकराला ४०० मिली, सहा वेळांत द्यावे. रात्रीची पाजणी चुकवू नये. दुसऱ्या आठवड्यापासून चार वेळा व महिन्यानंतर तीन वेळा पुरते. एका वेळचे दूध चुकले म्हणून पुढच्या वेळी दुप्पट पाजल्यास पोट फुगते आणि चांगले सुधारलेले कोकरू काही तासांत जाते. पोट थोडे भरलेले दिसावे, ताणलेले दिसू नये.

पाजताना कोकरू उभे असावे व मान किंचित वर असावी. तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊन पाजू नये. बाटली उलटी केल्यावर बोंडातून थेंब थेंब पडावा, धार लागू नये. बाटली व बोंड दर वेळी गरम पाण्याने धुवावे. चोखण्याची ताकद नसलेल्या कोकराला नळीने पोटात दूध देता येते, पण नळी श्वासनलिकेत गेली तर ते घात करते. पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

हगवण लागल्यास दोन पाजण्यांच्या मधल्या वेळी औषध दुकानातील क्षारसंजीवनीचे पाणी द्यावे, ते दुधात मिसळू नये. घरी केलेले साखर-मिठाचे पाणी वरील कारणाने चालत नाही. शेणात रक्त दिसले, ताप १०५ अंशांवर गेला किंवा श्वास धापा टाकत चालू असेल तर दवाखाना गाठावा. घरातील उरलेल्या गोळ्या देऊ नयेत.

किती दिवस व किती खर्च?

सहा ते आठ आठवड्यांत एका कोकराला साधारण ३५ ते ४० लिटर दूध लागते. आपल्या गावच्या दुधाच्या दराने हिशेब करून पाहावा. दूध विकत आणावे लागत असेल तर नर कोकरू विकून हाती फार काही उरत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. मादी कोकराची गोष्ट वेगळी, ती कळपात राहून पुढे अनेक वर्षे वितात.

दूध लवकर तोडावयाचे तर दुसऱ्या आठवड्यापासूनच खाण्याची सवय लावावी. शेवरी, हादगा किंवा लसूणघासाचा कोवळा पाला जुडी करून तोंडाच्या उंचीवर टांगावा. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड व गव्हाचा कोंडा यांचे मिश्रण मूठभर ठेवावे व उरलेले रोज काढून टाकावे. स्वच्छ पाणी नेहमी असावे. कोकरू रोज पाव किलोच्या आसपास खुराक खाऊ लागले की आठवडाभरात एकेक वेळ कमी करत दूध बंद करावे.

चीक कमी मिळालेल्या कोकराला आंत्रविषार, धनुर्वात या रोगांचा धोका अधिक असतो. त्याची लस इतर कोकरांच्या वेळापत्रकाने न देता केव्हा द्यावी, हे पशुवैद्यकास विचारावे.

हातावर वाढलेले कोकरू माणसाला भीत नाही. मुले त्याच्या कपाळाला हात लावून टकरीचा खेळ खेळतात व घरचे हसतात. तेच नर कोकरू वर्षाने ४० किलोचा मेंढा होऊन मागून टक्कर देते, तेव्हा म्हातारे माणूस पडते. हा खेळ पहिल्या दिवसापासून बंद ठेवावा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून कोकराला दिवसा त्याच्या वयाच्या कोकरांत सोडावे. कळप दूर असेल तर शेजारच्या वाड्यावरची कोकरेही चालतील. दूध पाजावयाचे ते तेथेच जाऊन पाजावे, घरात बोलावून नव्हे.