लांबच्या प्रवासाची गाणी

प्रवासास निघताना शिदोरी बांधण्याची आपल्याकडे फार जुनी रीत आहे. घरातील वडीलधारी स्त्री ती बांधताना तीन गोष्टींचा विचार करी. पहिली, पदार्थ वाटेत नासता कामा नये. म्हणून दुधात मळलेल्या पिठाच्या दशम्या आणि सुकी चटणी. दुसरी, शिदोरी पुरली पाहिजे, पण तिचे ओझे होता कामा नये. आणि तिसरी, शेजारी बसलेल्या प्रवाशापुढे ती उघडताना संकोच वाटू नये. पोटाची शिदोरी बांधताना इतका विचार करणारे आपण कानांची शिदोरी मात्र हाताला येईल ती उचलतो. लांबच्या प्रवासात कोणते संगीत ऐकावे आणि ते कसे निवडावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न मला सुचला तो माझ्याच एका चुकीमुळे. काही दिवसांपूर्वी विद्यार्थ्यांची एक सहल हुबळीहून कारवारकडे निघाली होती. यल्लापूर मागे पडून अरबैल घाट लागेपर्यंत गाडीत गाण्यांवरून भांडण जुंपले. कोणाला कानडी चित्रपटातील गाणी हवी होती, कोणाला हिंदी, कोणाला मराठी. इतक्यात कारवारकडच्या एका अबोल मुलाने कोंकणी गाणे लावण्याची विनंती केली. तिच्यावर सारी गाडी हसली. माझी स्वतःची मातृभाषा कोंकणी; तरीही मी त्या हसण्याला हरकत घेतली नाही. उलट, गोंगाटाला कंटाळून मी यंत्रच बंद करविले. उरलेला घाट आम्ही मुकाट्याने उतरलो. शांतता झाली खरी, पण ती शिक्षेची शांतता होती. निवड करावयास शिकविण्याऐवजी मी निवडच काढून घेतली, ही टोचणी मला पुढे बरेच दिवस लागून राहिली.

त्यावर विचार करताना एका प्रवासाची गोष्ट आठवली. मनुष्याने आजवर ज्या प्रवासासाठी संगीत निवडले, त्यांतील तो सर्वांत लांबचा प्रवास होय. 1977 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. व्हॉयेजर-2 हे 20 ऑगस्ट रोजी निघाले आणि व्हॉयेजर-1 हे 5 सप्टेंबर रोजी. गुरू, शनी इत्यादी ग्रहांचे निरीक्षण करून ही याने सूर्यमालेच्या बाहेर जाणार आणि परत कधीच येणार नाहीत, हे आधीपासून ठाऊक होते. म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविण्यात आली. वाटेत कधीकाळी कोणी बुद्धिमान प्राणी भेटलाच, तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी, हा त्यामागील हेतू. तबकडीवर चित्रे आहेत, पावसाचे, वाऱ्याचे व पाखरांचे आवाज आहेत, 55 भाषांतील अभिवादने आहेत आणि सुमारे 90 मिनिटांचे संगीत आहे.

ही निवड करण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखाली एक लहान समिती नेमली होती, आणि तिच्या हाती अवघे काही महिने होते. विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर तुम्ही त्या समितीत आहात अशी कल्पना करा. साऱ्या पृथ्वीचे संगीत तुमच्यापुढे आहे आणि जागा आहे ती केवळ दीड तासाची. काय घ्याल, आणि त्याहून कठीण म्हणजे काय सोडाल?

शिदोरीच्या तीन कसोट्या येथेही लावून पाहू.

पहिली कसोटी टिकाऊपणाची. व्हॉयेजर-1 सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जात आहे. तरीही दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचावयास त्याला सुमारे 40,000 वर्षे लागतील. इतक्या मोठ्या प्रवासासाठी केवळ त्या वर्षी लोकांच्या ओठांवर असलेली गाणी निवडणे उचित ठरले नसते. म्हणून समितीने शतकानुशतके टिकलेल्या रचना शोधल्या. तीत जर्मनीच्या बाखच्या तीन रचना आहेत व बेथोवनच्या दोन. जावा बेटावरील गामेलान आहे. आणि चीनच्या गुछिन या सात तारांच्या प्राचीन वाद्यावरील वादन आहे. परंतु टिकाऊ म्हणजे केवळ जुने, असे मात्र त्यांनी मानले नाही. चक बेरी या कृष्णवर्णीय गायकाचे 1958 सालचे एक उडते गाणेही त्यांनी घेतले. हे तर पोरवयाचे संगीत, असा आक्षेप निघाला, तेव्हा पृथ्वीवर त्या वयाची माणसेही पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर सेगन यांनी दिले. वडीलधाऱ्यांनी मुलांच्या आवडीला नाके मुरडण्यापूर्वी हे उत्तर ध्यानात ठेवावे.

दुसरी कसोटी पुरेपणाची. 90 मिनिटांत 27 रचना बसविल्या आहेत. गणित करून पाहा: प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी 3 मिनिटे 20 सेकंद येतात. यासाठी तबकडीची गती मुद्दाम मंद ठेवली. घरातील दीर्घवादन तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. ही 16⅔, म्हणजे बरोबर निम्मे. त्यामुळे स्वराची थोडी हानी झाली, पण जागा वाढली. मात्र सर्वांना समान वाटणी केली नाही. गुछिनच्या वादनाला साडेसात मिनिटांहून अधिक वेळ दिला; ते तोडले असते तर त्यातील अर्थ हरपला असता. पुष्कळ गाणी अर्धी-अर्धी ऐकण्यापेक्षा थोडी पण पुरी ऐकावीत, हा यातला बोध.

तिसरी कसोटी वाटून खाण्याची. येथे समितीची परीक्षा होती. निवडणारे अमेरिकेतील, त्यांनी केवळ आपल्याच घरचे संगीत पाठविले असते, तरी यान काही अडले नसते. परंतु त्यांनी जाणकारांना विचारले. पेरू देशातील एका मुलीचे लग्नगीत, जपानची बासरी, अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे रात्रगीत, आफ्रिकेतील तालवाद्ये यांना त्यांनी स्थान दिले. तरीही वाटणी पूर्ण समतोल झाली, असे म्हणता येणार नाही. 27 पैकी आठ रचना युरोपच्या अभिजात परंपरेतील आहेत. भारतासारख्या देशाला एकच जागा मिळाली आणि कर्नाटक संगीताला तर तीही नाही. निवड कितीही प्रामाणिक असली, तरी तीत निवडणाऱ्याचे घर दिसतेच. म्हणून निवड एकट्याने करू नये.

भारताच्या वाट्याला आलेली ती एक जागा कोणाची, हे आपल्या प्रांतातील प्रत्येक मुलास ठाऊक असावयास हवे. ती सुरश्री केसरबाई केरकर यांची. त्यांचा जन्म 1892 साली गोव्यातील केरी या गावी झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे कसून तालीम घेतली. 1969 साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी त्यांच्या ‘जात कहाँ हो’ या भैरवीची शिफारस समितीला केली. शिफारस झाली, पण तबकडी मिळेना! शोधता शोधता न्यूयॉर्क शहरातील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका मेजाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. जी वस्तू ताऱ्यांकडे जावयाची होती ती मेजाखाली धूळ खात पडली होती, यावरून गुणांची पारख आणि गुणांची जागा यांत कधी कधी किती अंतर असते, हे दिसून येते.

ही भैरवी केवळ साडेतीन मिनिटांची आहे. आपल्याकडे मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा प्रघात आहे. आणि या गाण्याचे आरंभीचे शब्द तर निघालेल्याला ‘कोठे चाललास’ असे विचारणारे. परत न येणाऱ्या प्रवाशाला निरोप देताना याहून समर्पक प्रश्न कोणता असणार? व्हॉयेजर-1 निघाले आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, 16 सप्टेंबर 1977 रोजी केसरबाईंचे देहावसान झाले. त्यांचा स्वर मात्र प्रवासातच आहे. 2012 साली व्हॉयेजर-1 ने सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडली. आज ते आपल्यापासून 2,400 कोटी किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

आणखी एक गोष्ट मला येथे नमूद केली पाहिजे. तबकडीवरील 55 अभिवादनांत मराठी आहे आणि कानडीही आहे. आपल्या हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवर जशा या दोन भाषा शेजारी नांदतात, तशाच त्या तेथेही एकत्र प्रवास करीत आहेत. कोंकणी त्या यादीत नाही. परंतु भारताचे जे एकमेव गाणे तेथे आहे, ते ज्या गावच्या कंठातून आले, त्या गावच्या घराघरांत कोंकणीच बोलली जाते. यादीत नाव नसले म्हणून माणूस प्रवासात नसतो, असे नव्हे. त्या दिवशी घाटात हे मला सुचले असते, तर त्या अबोल मुलाला मान खाली घालावी लागली नसती.

आता ताऱ्यांवरून पुन्हा आपल्या भूमीवर येऊ. आपण राहतो तो भाग तर संगीताचे माहेरघर. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर हे केसरबाईंच्याच घराण्याचे. अल्लादियाखाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजीखाँ व बुर्जीखाँ यांच्याकडून, त्यांना विद्या मिळाली. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. भीमसेन जोशी तर 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाले आणि अनेक गावे पालथी घालून अखेर कुंदगोळलाच सवाई गंधर्वांपाशी येऊन स्थिरावले. या लोकांनी संगीतासाठी प्रवास केला. आपल्याला निदान प्रवासासाठी तरी संगीत नीट निवडता यावे.

त्यासाठी आपल्या परंपरेत एक सुंदर साधन तयारच आहे. ते म्हणजे रागांचा समय. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी या समयविचाराची पद्धतशीर मांडणी केली. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक प्रहर तीन तासांचा. हुबळीहून पहाटे निघालात तर भैरव ऐकावा. उन्हे चढू लागली की तोडी. धारवाड, अळणावर मागे पडून दुपार झाली की सारंग. उन्हे कलली की भीमपलास. सूर्य मावळताना मारवा किंवा पूरिया धनाश्री, दिवे लागले की यमन, आणि गाडीतील बहुतेक प्रवासी झोपले असता मालकंस किंवा दरबारी. असे केल्याने खिडकीबाहेरचा प्रकाश आणि कानांतील स्वर एकमेकांना पूरक होतात. चित्रपटगीते वा भावगीते ऐकावयाची असली तरीही वेळेचे हे भान उपयोगी पडते. कारण त्यांतील पुष्कळ चाली याच रागांवर बांधलेल्या आहेत.

मात्र एक पथ्य सर्वांनी पाळावे. प्रवासात काही वेळ काहीच ऐकू नये. लोंढ्याहून गाडी कॅसलरॉकला येते आणि पुढे ब्रागांझा घाट उतरू लागते, तेव्हा दर 37 फुटांना एक फूट असा तीव्र उतार आहे. तेथे ब्रेकांचा आवाज, बोगद्यातील घुमणे आणि पावसाळ्यात दूधसागरचा गडगडाट, हेच संगीत. व्हॉयेजरच्या तबकडीवरही गाण्यांइतकेच मानाने पावसाचे आवाज नेले आहेत, हे विसरू नये.

जुन्या काळी तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-चार मिनिटे मावत. म्हणून निवड आपोआप होई. आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत हजारो गाणी मावतात आणि प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र नळी असते. त्यामुळे भांडण मिटले, पण त्याबरोबर एकत्र ऐकणेही मिटले. एकाच गाडीत पन्नास माणसे पन्नास वेगवेगळ्या प्रवासांना निघतात. तेव्हा निवडीची गरज आज संपलेली नसून उलट वाढलेली आहे.

सहलीनंतर मी वर्गात माझी चूक कबूल केली आणि हा सारा वृत्तांत सांगितला. मग मुलांनी पुढील सहलीसाठी 90 मिनिटांची यादी करावयास घेतली. नियम तीनच केले: प्रत्येक गाणे पुरे ऐकावयाचे; सुचविणाऱ्याने ते का ऐकावे हे तीन वाक्यांत सांगावयाचे; आणि प्रत्येकाने निदान एक गाणे दुसऱ्याच्या भाषेतील निवडावयाचे. वाद पुष्कळ झाले, पण या वेळी ते ऐकण्यासारखे होते. त्या यादीत त्या मुलाचे कोंकणी गाणे आहे. ते कोणी दया म्हणून घेतलेले नाही. त्याने उभे राहून सांगितले की त्याची आजी भात लावताना ते गाते, आणि ते ऐकले की त्याला चिखलाचा वास येतो. यावर कोणी हसले नाही. दोन मुलांनी त्याच्याकडून शब्दही लिहून घेतले.

शिदोरी उघडली की शेजाऱ्यापुढे ती आधी धरावी, ही आपली रीत. गाण्याच्या बाबतीतही तीच पाळावी, एवढेच सांगणे.

स्वाध्याय: (1) आपल्या घरातील सर्व माणसांना विचारून 30 मिनिटांच्या प्रवासासाठी गाण्यांची यादी करा. (2) तीतून कोणती गाणी वगळावी लागली व का, ते लिहा. (3) आपल्या घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेतील एक गाणे शेजाऱ्याकडून ऐका व त्याचा अर्थ विचारून घ्या.